पाठीवरची टाचणी

एम.एस्सी.च्या प्रॅक्टिकलच्या सकाळी मी घाबरलेली होते, आणि त्याचं निम्मं कारण नागपुरात होतं. बाबांनी तिथल्या एका स्थळाला कळवून ठेवलं होतं की पोरगी या खेपेला पास झाली तर पुढे शिकेल, नाहीतर उन्हाळ्यात लग्न. राज्यं वेगळी झाली आणि आमची वस्ती हिंदी मुलखात राहिली, तरी सोयरीक नागपूरकडेच जुळवायची, ही आमच्या कांचघरच्या मराठी घरांची रीत. मुलगा मी पाहिलाही नव्हता. मला त्याची नाही, उन्हाळ्याची भीती वाटायची. कीटकशास्त्राच्या प्रॅक्टिकलमध्ये मी आधी एकदा गचकले होते.

झाडांचा रस शोषणाऱ्या ढेकणांची कॉलेजात एकच जुनी पेटी होती. हे किडे इतके नाजूक की त्यांना टाचणी टोचत नाहीत. कागदाच्या त्रिकोणाच्या टोकाला किडा डिंकाने चिकटवायचा आणि टाचणी कागदातून घालायची. प्रजाती ओळखायच्या तर मिशीचं पहिलं पेर किती लांब, सोंड कुठवर पोचते, पायांवर ठिपके आहेत का, असं सगळं पाहावं लागतं. आम्ही कशाला त्या भानगडीत पडतो! परीक्षेला दर वर्षी तीच पेटी उघडायची, म्हणून सीनियर सांगून जायचे: डावी मिशी नसलेला तो क्रिऑन्टियाडिस, मागचा पाय नसलेला काळपट तो हेलोपेल्टिस. आम्ही किडे त्यांच्या मोडतोडीवरून ओळखायचो. मार्कही मिळायचे.

त्या वर्षी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी स्वतःचे किडे आणले. दारातच ही बातमी कळली; पाठ केलेली सगळी मोडतोड वाया गेली होती.

टेबलांवर भिंगं मांडलेली, घंटी वाजली की पुढे सरकायचं. पहिल्या टेबलावरचा किडा अख्खा होता. सहा पाय, दोन मिशा, सगळं जिथल्या तिथे, आणि मला ओ की ठो कळेना. मी अंदाजाने एक नाव खरडलं. दुसऱ्या टेबलावर तेही सुचलं नाही, कागद कोरा राहिला. लग्नाच्या मांडवात उभी असल्यासारखं वाटत होतं, आणि घंटी कुणी थांबवत नव्हतं.

तिसऱ्या किड्याच्या पाठीत टाचणी होती. बारीक, उभी, वर गोल डोकं. मला रागच आला, एवढ्याशा जिवात कुण्या शहाण्याने टाचणी खुपसली म्हणून. मग दिसलं की खालच्या कागदात टाचणी आहेच. मग ही दुसरी कशाला? मी डोळे फाडून पाहिलं. ती लोखंडाची नव्हती. किड्याच्याच रंगाची होती, तिच्यावर बारीक केस होते, आणि ती पाठीवर पंखांच्या मुळाशी असलेल्या त्रिकोणी कवचातून उगवली होती. टाचणी त्याची स्वतःचीच होती. पुस्तकात हेलोपेल्टिसची हीच खूण दिली होती. आमच्या पेटीतल्याची कुणाच्या तरी हातून कधीच मोडून गेली असणार, आणि आम्ही त्याचा पाय मोजत बसलो होतो. नाव लिहीपर्यंत घंटी वाजली. पुढच्या प्रत्येक टेबलावर मी मिशीच्या पहिल्या पेरापासून सुरुवात केली.

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं, "तीन नंबर कैसे पहचाना?"

"सर, पीठ पर जो पिन है, वो उसी की है." मी हळूच म्हटलं.

ते म्हणाले की सकाळपासून बऱ्याच जणांनी त्यांच्याकडे तक्रार केली होती, किडा नीट लावलेला नाही, टाचणी काढा. मग दुसऱ्या टेबलाचा माझा कोरा कागद त्यांनी उलटून पाहिला आणि जायला सांगितलं. पास की नापास, चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

घरी बाबा दारातच उभे होते. मी सांगितलं की दोन चुकले असतील, बाकीचं माहीत नाही, रिझल्टला वेळ आहे.

"अच्छा. मग नागपूरला काय कळवू?" हे त्यांनी मला आजवर कधी विचारलं नव्हतं.

मला इतकी भीती वाटत होती की मी त्यांच्याकडे न बघताच बोलले. "रिझल्ट काही लागो, बाबा. कळवा की पोरगी अजून शिकून राहिली." आणि उंबऱ्यावरच बसले.