मास्तरांनी म्हटलेलं भजन

पोलीस खात्यातून निवृत्त झालो तरी बेला गावची ती पिटिशन, म्हणजे ठाण्यात आलेली तक्रार, आठवली की मला हसू येतं.

तिथल्या एका मास्तरांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी आपलं घर ट्रस्टमध्ये घातलं होतं. हयातीत केव्हाही मोडता येईल असा ट्रस्ट. त्यांच्यामागे घरात मुलींची अभ्यासिका व्हायची होती. कारभार पुतणीकडे. मास्तर वारले आणि थोड्याच दिवसांत गुडीहत्नूरचा एक व्यापारी मास्तरांच्या सहीची प्रॉमिसरी नोट, म्हणजे कर्जाची चिठ्ठी, घेऊन ठाण्यात आला. आपलं कर्ज बुडवायलाच मास्तरांनी घर ट्रस्टमध्ये लपवलं, पुतणीवर फसवणुकीचा गुन्हा नोंदवा, असं त्याचं म्हणणं. रक्कम एवढी, की घरच विकावं लागलं असतं.

देण्याघेण्याचा वाद दिवाणी कोर्टाचा. पण आरोप फसवणुकीचा, म्हणून मी प्राथमिक चौकशी लावली. पुतणी रडकुंडीला आली होती. तेवढ्यात मास्तरांच्या शेजारणीचा फोन आला.

"साहेब, त्याले एवढंच इचारा, मास्तर काय बोल्ले."

कारणही तिनं सांगितलं. मी व्यापाऱ्याला बोलावून खुर्ची दिली, चहा मागवला. राइटर जबाब लिहायला बसला.

"नोट कधी लिहिली?"

"मांगच्या दिवाळीत. त्यायच्याच घरी."

"मास्तर काय म्हणाले?"

"म्हणे, भाऊ, काळजी करू नका, पेन्शनीतून फेडतो."

"मग?"

"मंग काय, खुशीत होते. एक भजन म्हणून दाखवलं. आवाज काय खणखणीत, साहेब!"

राइटरनं जबाब वाचून दाखवला. "बराबर हाय," व्यापारी म्हणाला.

"त्या दिवाळीच्या कितीतरी आधी," मी म्हणालो, "कॅन्सरमुळे मास्तरांचं स्वरयंत्र काढलं होतं. ते पाटीवर लिहून बोलायचे."

चहा तसाच राहिला. मास्तरांशी त्याची ओळख जुनी, पण भेट बऱ्याच वर्षांत नव्हती. जुन्या पावतीवरून सही गिरवल्याचं त्यानं कबूल केलं. हस्ताक्षरतज्ज्ञानंही तेच कळवलं. गुन्हा नोंदला, पण त्याच्यावर.

पुतणीला ही बातमी दिली, तर ती म्हणाली, "साहेब, एक खरं देणं हाय. काकानं बोअर मारली, त्याचे पैसे बाकी हायेत. बोअरवाला बिचारा मागून नाही राह्यला."

"पण घर आता ट्रस्टचं ना?"

"ट्रस्ट काकाले केव्हाही मोडता येत होता. मंग घर शेवटलोक त्यायचंच होतं ना? पयले त्यायचं देणं फेडू, मंग अभ्यासिका."

वकिलाचंही मत तेच पडलं. तिनं समोरची खोली कापूस ठेवायला भाड्यानं दिली आणि देणं फेडलं. अभ्यासिका थोडी उशिरा उघडली. उद्घाटनाला मलाही बोलावणं होतं. नारळ मात्र तिनं बोअरवाल्याच्या हाती दिला.

खोटं बोलणाऱ्याला दरडावू नये, बोलू द्यावं, हे मी त्या चौकशीत शिकलो. आणि खरा घेणेकरी पुष्कळदा ठाण्याची पायरीच चढत नाही; त्याची आठवण ठेवणारं माणूस मागे असावं लागतं, हे त्या पुतणीकडून.