लपवलेली कातर

शाळेत बाईंनी ग्रीक लोकांच्या तीन दैवी बहिणींची गोष्ट सांगितली, तेव्हा मी सहावीत होते. पहिली क्लोथो माणसाच्या आयुष्याचं सूत कातते, मधली लॅकेसिस ते मापते आणि तिसरी, अॅट्रोपोस, कातरीनं तोडते. तिच्यापुढं देवांच्या राजाचंही काही चालत नाही. आमचे वडील सोलापुरात सूतगिरणीत साच्यावर होते, शेजारीपाजारी सगळे मागावर. त्यामुळं ती गोष्ट मला परदेशातली वाटलीच नाही.

घरी येऊन मी ती आक्काला सांगितली. माझी थोरली बहीण. तिला करमाळ्याकडं दिली होती आणि पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली होती. मी गोष्टीला तिखटमीठ लावलं. तिसरी आंधळी असते, चाचपडत कापते, हे माझ्या पदरचं.

भाकरी थापता थापता आक्का थांबली. "म्हंजी लेकरू जल्मताना ती तितं असती?"

"सगळ्यात आधी त्याच येतात," मी ठोकून दिलं.

दोन दिवसांनी तिनं मला परसात गाठलं. "घरातली कातर कुटंतरी ठिव. माज्या डोळ्याम्होरं नको. आन् आईला सांगू नगंस."

मला हसू आलं. पण तिचा चेहरा बघून मी कातर शेळीच्या छपराच्या वळचणीत खोचून ठेवली आणि विसरून गेले.

आक्का भर दुपारी बाळंत झाली. मी शाळेत होते. परतले तर दारात सुईण हात धूत होती. "भाची झाली की तुला," ती म्हणाली. आईची मात्र कुरकुर चालली होती. ऐन वेळेला कातर सापडली नाही, शेवटी शेळीचा पाला कापायच्या विळ्यानं नाळ तोडली. मी मान खाली घालून आत गेले.

पोर गोरी, भरल्या अंगाची होती. पाचवीला आईनं सटवाईपुढं कोरा कागद ठेवला. सातव्या दिवशी पोरीनं अंगावर पिणं सोडलं. जबडा उघडेना. जरा वाजलं की अंग धनुष्यासारखं ताठायचं. नवव्या दिवशी सकाळी ती गेली.

"सटवाईनं तेवढंच लिवलं हुतं," आई म्हणाली. सगळ्यांनी तेच म्हटलं.

पुढं मी नर्सचं शिक्षण घ्यायला गेले. गोठ्यातल्या, मातीतल्या हत्यारानं नाळ कापली की बाळाला धनुर्वात होतो, हे तिथं शिकवलं. सुट्टीत मी तडक आक्काकडं गेले. तोवर तिला दोन मुली झाल्या होत्या. त्यांच्या वेण्या घालत ती उंबऱ्यात बसली होती. मी रडत रडत सगळं सांगितलं. माझी थाप, विळा, सगळं.

तिनं हातातली वेणी पुरी केली. मग मुलींना बाहेर पिटाळून म्हणाली, "मी सुद्दीवर हुते गं. आई हुडकत हुती ते समदं ऐकू येत हुतं मला. कातर कुटं हाय ते तुला ठावं हाय म्हणले असते तर तुला साळंतनं बोलावलं असतं. पर मला त्या कातरीचं भ्या वाटलं. मी गप ऱ्हायले."

मी तिचा हात धरला. माझं ओझं आत्ताचं होतं, तिचं इतक्या वर्षांचं. तिनं हात सोडवून घेतला नाही. पण त्या दिवसानंतर त्या पोरीविषयी आमच्यात एक शब्दही निघाला नाही.