अवसायकानं लिहिलेलं भंगार

"चपला बाहेर काढ," अवसायक साहेब म्हणाले. मी काढल्या. आत आमचे जुने चेअरमन बूट घालून बसले होते, पुढ्यात चहा. साहेबांनी माझ्याकडं कागद सरकवला. बस म्हणाले नाहीत.

"इथं सही कर. वाचत बसू नको, तुला न्हाई कळायचं."

मी दहावी झालेली. चौदा वर्षं सूतगिरणीत मशीनवर उभी राहिलेली. कळायचं नाही म्हणे.

गिरणी बुडाली ती चेअरमनच्या कारभारानं. मग सरकारनं हा अवसायक नेमला. गिरणी विकायची आणि आमचा थकलेला पगार द्यायचा, हे त्याचं काम. तो कुणाच्याच बाजूचा नसतो, असं आम्हाला सांगितलं होतं. आम्ही विश्वास ठेवला. तो पहिल्यांदा आला तेव्हा मीच त्याला ओवाळलं.

"मशिनी नीट ठेवा, चांगली किंमत येईल," तो म्हणाला होता. म्हणून आम्ही सात बाया दोन वर्षं दर सोमवारी कंधारहून एसटीनं येत होतो आणि मशिनींना तेल देत होतो. फुकट. तेलसुद्धा पदरचं. खंडेनवमीला झेंडूच्या माळा घातल्या.

आणि कागदावर लिहिलेलं: सर्व यंत्रे गंजून भंगार झाली आहेत. घेणारा, चेअरमनचा भाचा. साक्षीदार, मी.

डोक्यात तिडीक गेली. रडूही आलं, खोटं कशाला सांगू. चेअरमनकडून कधी आशाच नव्हती. पण या माणसाला आम्ही आपलं मानलं होतं.

"साहेब, सोमवारीच तेल दिलंय मी. चला शेडमधी, मशीन चालू करून दाखवते."

"लई शहाणी झालीस का?" चेअरमन हसले. साहेबही हसले. साहेबांचं हसणं जास्त लागलं.

मी सही केली नाही. दोघांच्या देखत मोबाइलवर कागदाचा फोटो काढला आणि बाहेर पडले.

नांदेडचे वकील म्हणाले, "गिरणीवर दावा करा ताई. अवसायकावर करायचा तर आधी सरकारची परवानगी लागते. लई खेटे पडतील."

"मागा परवानगी."

गिरणी मेली. तिच्याशी काय भांडू? खोटं लिहिलंय जित्या माणसानं, कायद्यानं दिलेल्या खुर्चीत बसून. परवानगीला वर्ष लागू दे. त्याची बदली होऊ दे, तो रिटायर होऊ दे. असेल तिथून त्याला मी कोर्टात उभा करणार आहे.