सुभद्राबाईंनी जनरेटर हटवला

चिंचपोकळीच्या चाळीत, तळमजल्यावर, सुभद्राबाई परब बावीस वर्षं बालवाडी चालवतात. पोर कुठं अडतंय हे त्यांना त्याच्या आईच्याही आधी कळतं. म्हणूनच गेल्या वर्षी त्या अस्वस्थ झाल्या. काल घोकलेलं गाणं मुलांना आज आठवेना. अकरा वाजले की अख्खा वर्ग पेंगायचा. अकरालाच शेजारच्या टॉवरच्या साइटवर डिझेलचा जनरेटर सुरू व्हायचा, आणि त्याचं धुराडं नेमकं बालवाडीच्या खिडकीसमोर.

त्यांनी नाक्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टर ऋग्वेदांना गाठलं.

"धुरामुळेच विसरतात, असं छातीठोक नाही सांगता येणार," डॉक्टर म्हणाले. "पण बाई, त्यातले बारीक कण फुफ्फुसात थांबत नाहीत, मेंदूपर्यंत पोचतात. आणि या वयात मेंदू अजून घडत असतो."

 साइटचे इंजिनिअर हेरंब साठे यांच्याकडे सुभद्राबाई तीनदा गेल्या. तिसऱ्यांदा साठे हसले. "अहो, लहान मुलं पेंगणारच!"

"मग उद्या तुम्हीच या. तासभर वर्गात बसून दाखवा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलांना सुट्टी दिली आणि अठरा आयांना घेऊन साइटचं गेट गाठलं. साठे का-कू करू लागले, तशी वर्गातल्या पूर्वी या चिमुरडीची आजी जाईबाई कडाडली, "आमच्या पोरांका ह्या रोजचा. तुमका एक तास जमाचा नाय?"

साठे मुकाट निघाले. मुलांच्या बुटक्या खुर्चीत गुडघे पोटाशी घेऊन बसले. जनरेटर धडधडू लागला. विसाव्या मिनिटाला खोकत, डोळे चोळत ते बाहेर आले.  मग हळूच म्हणाले, "माझी मुलगीपण चार वर्षांचीच आहे हो."

वरिष्ठांशी भांडून त्यांनी महिन्याभरात साइटला विजेचं कनेक्शन मिळवलं. क्रेननं जनरेटर उचलून ट्रकवर ठेवला, तेव्हा चाळीच्या तिन्ही मजल्यांवरून शिट्ट्या, टाळ्या, थाळ्या! आयांनी सुभद्राबाईंना ओढून एकेकीनं त्यांच्याशी फुगडीच घातली. साठ वर्षांची बाई, पण दमायचं नाव नाही.

तेवढ्यात करी रोडहून दर्शना नावाची एक तरुण बालवाडीशिक्षिका विचारत विचारत आली. "आमच्या दारातच सिमेंट कालवतात हो. आमचं कोण ऐकणार?"

सुभद्राबाईंनी घाम पुसला, पदर खोचला. "किती आया येतील, ते सांग आधी."