पान दोनशे बारा

आधी वाचावे, मग लिहावे. ऑनलाइन चर्चासमूहांची सारी संस्कृती या एका नियमावर उभी आहे, असे लोणावळ्याच्या वाचनालयात ज्येष्ठांच्या वर्गाला मी ठणकावून सांगितले होते. मी स्वतः तो नियम कधी पाळला नाही. पाळणारा माणूस आयुष्यात एकच भेटला, वडिवळ्याचे सखाराम आबा.

आबा कामशेतहून लोकलने येत. फोन रुमालात गुंडाळलेला असे. पहिल्याच दिवशी त्यांनी काम सांगितले. "सर, घरचं लाल भाताचं बियाणं हाय. आज्यापासनं चालत आलंय. गेल्या पावसाळ्यात गुडघ्यानं दगा दिला, लावणी झाली न्हाई. औंदा हुकली तर बियाणं मेलं. कुणी पेरणारा भेटंल का ह्यात?" मुलगा तळेगावला कारखान्यात होता. गावात सगळे दुकानातली पिशवी आणत.

मी त्यांना भातशेतीच्या एका चर्चासमूहाचे सदस्य करून दिले आणि म्हटले, "विचारा आता."

"लगीच? तुमीच म्हणला न्हवं, आदी वाचायचं."

"थोडंसं, आबा. सगळं नव्हे. इथं वर शब्द टाकला की हवं तेवढंच शोधून मिळतं."

"मानसं बोलत बसल्यात आन् मी मधीच तोंड घालू? मंडळीत नवा मानूस मागं बसतो. कोन काय बोललं ते ऐकतो. मंग बोलतो."

मग ते पहिल्या पानापासून वाचू लागले. रोज सकाळी दोन पाने. कुठवर आलो ते जुन्या डायरीत लिहून ठेवत. फोन बंद करण्याआधी मोठ्याने म्हणत, "येतो मंडळी."

"आबा, त्यांना ऐकू जात नाही."

"आपल्याला तं जातंय."

दर गुरुवारी ते मला समूहाची खबर देत. कुणाचे कुणाशी वाकडे आहे, कोण नुसताच शहाणपणा शिकवतो, सारे त्यांना पाठ होते. संचालक स्वतःच्या नावाआधी तीन पदव्या लावत. त्यांच्याबद्दल आबांचे मत एका वाक्यात आटोपले. "ह्यो बांधावरचा शेतकरी हाय." एकदा मात्र चेहरा उतरला होता. कोकणातल्या एका बाईच्या रोपांवर करपा पडला होता आणि पुढे काय झाले ते कुणी लिहिले नव्हते.

मी तारीख पाहिली. "नऊ वर्षांपूर्वीचं आहे हे, आबा."

"आसंना. आमाला आज कळलं."

हिवाळा गेला. उन्हाळ्यात मी रागावलोच. "पेरणी तोंडावर आली. तुम्ही नका, मी लिहितो तुमच्या वतीनं."

"ऱ्हाऊ द्या, सर. लय न्हाई ऱ्हायलं. वाचलं की मीच इचारतो." मी राहू दिले. नियम माझाच होता.

वैशाखात एका सकाळी ते ओसरीवर बसल्या जागी गेले. फोन मांडीवर होता. तेराव्याला मुलाने डायरी माझ्या हातात दिली. शेवटची नोंद होती, पान दोनशे बारा.

घरी येऊन मी पुढचे वाचायला बसलो. पान दोनशे एकोणिसावर लोणावळ्याजवळच्याच औंढ्याच्या एका बाईंनी तीन वर्षांपूर्वी लिहिले होते, "घरचं लाल भाताचं बियाणं कुणाकडं हाय का? मूठभर चाललं." खाली एकही उत्तर नव्हते. आबांच्या हिशेबाने ते पुढच्या चौथ्या दिवशीचे वाचन होते.

मुलाकडून बियाणे घेऊन मी औंढ्याला पोचवले. बाईंनी मूठ नाकाशी नेली आणि विचारले, "देनारं कुटं हायेत?" मी सांगितले. त्यांनी पदर डोक्यावर ओढून घेतला. बरेचसे दाणे उगवलेच नाहीत. एका वाफ्यात रोप धरले.

त्या दिवशी मी समूहावर पहिल्यांदा लिहिले. आबा कोण होते, ते काय आणि किती मन लावून वाचत होते, एवढेच. शेवटी त्यांच्या वतीने लिहिले, येतो मंडळी.

दुसऱ्या दिवशी संचालकांनी ती नोंद 'विषयांतर' या सदरात हलवली. खाली सूचना होती. नवीन सदस्यांनी लिहिण्याआधी जुनी चर्चा वाचावी.