शास्त्रीबुवांनी मला ओळखलं नाही

मित्रहो, आपल्या वर्गाच्या या फिरत्या पत्रात आज पाळी नसताना लिहितोय, कारण पोटातलं दुखणं ताजं आहे.

आज शुक्रवार, आपल्या मोगलाईतल्या शाळेला जुम्म्याची सुट्टी. तरी हायस्कुलावरून जाताना आतून हसणं ऐकू आलं, म्हणून डोकावलो. बेंबळीचा आपला शिवलिंगप्पा बाह्या सारून वर्गाचा फळा कोळशानं काळा करत होता आणि शेजारी खुर्चीत आपले म्हातारे शास्त्रीबुवा! हा तोच शिवलिंगप्पा, ज्याला 'राम' शब्दाची सप्तमी शेवटपर्यंत सापडली नाही.

मी वाकून नमस्कार केला. बुवांनी विचारलं, "आपण कोण?"

"असं काय करताय बुवा? संस्कृतात आमच्या वर्गात पहिला व्हता की ह्यो!" शिवलिंगप्पा म्हणाला.

"असेल. पहिला दरसाल एक येतोच," बुवा म्हणाले. "शिवलिंगा, त्या कोपऱ्यात थोडं राहिलंय बघ."

मग कळलं, हा गडी दर जुम्म्याला बैलगाडी जुंपून येतो आणि एकेक वर्गाचा फळा काळा करून जातो. मी शाळेपासून चार गल्ल्यांवर राहतो आणि दर पत्रात तुम्हाला बजावतो, शाळेला विसरू नका.

हेवा वाटला. दुपारपासून तो सगळ्या विभक्तींत चालवून पाहतोय, कमी होत नाही.

पुढच्या जुम्म्याला मी सकाळीच जाणार. कोळसा वाटून ठेवलाय. तुमच्यापैकी कोण येतंय?

आणि हे पत्र बेंबळीला सगळ्यात शेवटी पाठवा. एकदा तरी त्याच्या आधी पोचायचंय.