रॉकेलच्या डब्यातली पोपटी

घरात मडकं असताना डब्यात पोपटी लावणारा माणूस मी एकच पाहिला. ते आमचे मेव्हणे, धाकट्या बहिणीचे यजमान.

त्यांची नोकरी तेव्हा भुसावळला होती. तिथे जागा मिळेना, म्हणून बहीण दोन मुलांना घेऊन चौथं वर्ष आमच्याकडे पळसदरीला राहत होती. मुंबईला बदली झाली तर कंपनीची खोली मिळणार होती आणि संसार एकत्र लागणार होता. बदली ज्यांच्या हातात, त्या साहेबांना मेव्हण्यांनी माघातल्या एका रविवारी पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा, खायला बोलावलं.

इथपर्यंत ठीक होतं. पण साहेबांना डोंगर चढायचा शौक. "रानात मिळेल त्यावर शिजवतो तो खरा गडी," असं ते कधीतरी कचेरीत म्हणाले होते. मेव्हण्यांनी ते वाक्य मंत्रासारखं धरलं. त्यांनी चौक गावच्या गॅरेजमधून रॉकेलचा रिकामा डबा आणला, सायकलच्या तारा आणल्या, उलथणं म्हणून मडगार्डचा तुकडा आणला. रान म्हणजे आमचंच शेत. तिथून आमची चूल हाकेच्या अंतरावर.

आई म्हणाली, "अवो जावईबापू, मडकं हाय की घरात. डब्यात कोन लावतं पोपटी?"

"आई, मडकं काय, कोणीही वापरेल. साहेबांना युक्ती दिसली पाहिजे."

मी म्हटलं, "दाजी, डबा अठरा लिटरचा आणि शेंगा तीन किलो. अर्धासुद्धा भरणार नाही. पोपटी गच्च भरावी लागते, तिच्यात पाणी घालत नाहीत. रिकाम्या जागेत वाफ धरणार कशी?"

"दादा, तुम्ही प्रत्येक गोष्टीचं गणित करता."

करतो. कोणीतरी करायला हवं.

उरलेला डबा त्यांनी बांधावरच्या उग्र वासाच्या भांबुर्ड्याच्या पाल्याने भरला. खाली वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, मधे बटाटे, अंडी. डबा सोड्याने धुतला होता म्हणे. मी नाक जवळ नेलं आणि लगेच मागे घेतलं. डबा उपडा घातला, भोवती पेंढा आणि गोवऱ्या रचून पेटवलं. साहेब कमरेवर हात ठेवून बघत होते. बहीण चटईवर मुलांना धरून बसली होती. तिचं लक्ष जाळाकडे नव्हतं, साहेबांच्या चेहऱ्याकडे होतं.

पोपटी झाली का ते बघायला आमच्याकडे मडक्यावर पाणी शिंपडतात. चुर्र होऊन उडालं की झाली. मेव्हण्यांना एवढं ऐकून ठाऊक होतं. जाळ जेमतेम धरला असेल, त्यांनी डब्यावर पाणी मारलं. चुर्र झालं.

"झाली!"

आई म्हणाली, "आवं थांबा, पत्रा हाय तो. पत्रा लगेच तापतो, आतलं कुटं शिजलं?"

पण जावई थांबले नाहीत. पेटता पेंढा काठीने बाजूला सारून त्यांनी डबा ओढला. तेवढ्या तापाने डब्याच्या सांध्याचं कथील वितळलं, शिवण उकलली आणि निम्म्या शेंगा राखेत पडल्या. पत्र्याला लागलेल्या शेंगा कोळसा, मधल्या हिरव्यागार कच्च्या आणि सगळ्यांना रॉकेलचा वास. अंडी तर फोडल्यावर वाहिली.

साहेबांनी एक शेंग सोलून दाणे तोंडात टाकले. मेव्हण्यांचा घास हातातच राहिला.

"वा!" साहेब म्हणाले. "काय अस्सल वास आहे! शहरात ही चव कुठली मिळायला?"

मुंबईहून गाडी करून आलेला, एवढा शिकलेला माणूस. भांबुर्डा आणि रॉकेल यांतला फरक त्याच्या नाकाला कळला नाही. वर माझ्याकडे वळून त्याने विचारलं, "तुमच्याकडे अशीच लागते ना?"

मी वजनाला, मापाला आणि शब्दाला पक्का माणूस. खरं सांगायला तोंड उघडलंच होतं. बहीण म्हणाली, "दादा, गरम आहेत तोवर खा ना." तिने स्वतः तोंडात कच्चे दाणे घेतले होते आणि चावत होती.

"हो," मी म्हटलं. "अशीच लागते."

साहेबांनी दुसरी मूठ घेतली.

होळीच्या आधी बदलीचा हुकूम आला. सामान घेऊन मी त्यांना गाडीवर पोचवायला गेलो. मेव्हणे फलाटावर मला म्हणाले, "पाहिलंत दादा? माणूस असा जिंकायचा असतो. तुम्ही नुसते किलो मोजत बसलात."

या गृहस्थाला सांगण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं. पण आत बहीण ट्रंकेवर मुलांना बसवून त्यांना नव्या शाळेचं काहीतरी सांगत होती, आणि हसत होती. मी वळकटी उचलून आत दिली.